लिंकन घराण्याची जमीन: आजोबांचे न झालेले मृत्युपत्र आणि पूर्वेचे चाळीस एकर

प्रश्न असा आला आहे. अब्राहम लिंकनच्या चरित्रांत वाचायला मिळते की त्याच्या आजोबांकडे केंटकीत पाच हजारांहून अधिक एकर जमीन होती, पण ते मारले गेल्यावर ती सगळी थोरल्या मुलाकडे गेली आणि लिंकनचे वडील थॉमस रिकाम्या हाताने वाढले. हे कायद्याने झाले की थोरल्या भावाने लाटले? आणि आजोबांनी मृत्युपत्र केले असते, तर काही फरक पडला असता का?

गेली वीस-बावीस वर्षे मी इलिनॉयमध्ये मृत्युपत्रे, वारसा आणि जमिनीची खते हेच काम करत आलो आहे, आणि लिंकन घराण्याचे प्रकरण माझ्या आवडीचे आहे, कारण एकाच घरातल्या तीन पिढ्यांनी वारशाचे प्रश्न तीन निरनिराळ्या तऱ्हांनी हाताळले, किंवा हाताळायचे राहून गेले, आणि त्यांची कागदपत्रे अजून वाचता येतात. थोडक्यात उत्तर हवे असेल तर ते असे: लाटले नाही, कायद्यानेच गेले, मृत्युपत्राने फरक पडला असता, पण लोक समजतात तेवढा नाही. या ‘पण’साठी थोडे तपशिलात जावे लागेल.

आजोबांचेही नाव अब्राहमच. ओळखीसाठी त्यांना कॅप्टन अब्राहम म्हणतात, कारण व्हर्जिनियाच्या नागरी सैन्यात तो कॅप्टन होता. व्हर्जिनियात लिनव्हिल क्रीकच्या काठी वडिलांनी करून दिलेली त्याची चांगली शेती होती. ती त्याने १७८० मध्ये पाच हजार पौंडांना विकली. आकडा मोठा दिसतो, परंतु तो क्रांतियुद्धाच्या काळातल्या कागदी चलनातला आहे आणि त्या चलनाची किंमत तेव्हा झपाट्याने घसरत होती. या विक्रीतली एक गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. नवऱ्याने जमीन विकली तरी तिच्यावरचा बायकोचा विधवा-हक्क (नवरा मेल्यावर तिसऱ्या हिश्श्याचा हयातभर उपभोग) आपोआप सुटत नसे. त्यासाठी तिला नवऱ्यापासून वेगळे घेऊन, ‘तुम्ही हे स्वखुशीने करता ना’ असे विचारावे लागे. कॅप्टनची बायको बर्शिबा न्यायालयापर्यंत प्रवास करू शकत नव्हती, म्हणून तिचा जबाब न्यायालयाबाहेर घेण्याची व्यवस्था करावी लागली. मतदानाचा अधिकार नसलेल्या, स्वतःच्या नावावर काही नसलेल्या बाईची सही मिळेपर्यंत खरेदीदाराला चैन पडत नसे, एवढे वजन त्या एका हक्काला होते.

केंटकी तेव्हा वेगळे राज्य नव्हते. तो व्हर्जिनियाचा पश्चिमेकडचा सीमाप्रदेश होता. तिथली जमीन मिळवण्याची रीत अशी की आधी सरकारी खजिन्यातून वॉरंट, म्हणजे ठरावीक एकर जमीन घेण्याचा परवाना, विकत घ्यायचे (शंभर एकरांना चाळीस पौंड असा दर होता), मग जागा हेरून तिची नोंद करायची, नंतर मोजणी करून घ्यायची आणि शेवटी सनद मिळवायची. कॅप्टन अब्राहमने अशी वॉरंटे घेतली. लाँग रन नावाच्या ओढ्याकाठच्या चारशे एकरांची मोजणी १७८५ च्या मे महिन्यात झाली आणि त्या कागदावर त्याचे आडनाव ‘लिंकहॉर्न’ असे लिहिले गेले. ऐकू आले तसे लिहिणारा कारकून सर्वच देशांत असतो. सगळ्या नोंदी मिळून चरित्रकार साडेपाच हजार एकरांच्या आसपास बेरीज करतात. मात्र या बेरजेत नुसती नोंद किती, मोजणी झालेली किती आणि सनद हाती आलेली किती, हे वेगवेगळे धरले पाहिजे. आपल्याकडे भूसंपादनाची नोटीस निघाल्यावर ‘आमची दोनशे एकर होती’ असे सांगणारे आजोबा असतात. सातबारा काढला की त्यातली बरीच जमीन बोलण्यापुरतीच निघते. इथे अगदी तसे नाही, पण जातकुळी तीच आहे.

शिवाय ही जमीन रिकामी नव्हती. १७६८ च्या फोर्ट स्टॅनविक्सच्या तहात इरोक्वॉय या मूळनिवासी लोकांनी ओहायो नदीच्या दक्षिणेचा प्रदेश इंग्रजांना सोडला, पण तिथे शिकार करणाऱ्या शॉनी लोकांना तो तह मान्य नव्हता, आणि का असावा? दुसऱ्याने सोडलेला हक्क त्यांनी का पाळावा, हा प्रश्न कोणताही वकील आजही विचारील. व्हर्जिनियाच्या खजिन्यातून विकली जाणारी वॉरंटे या न सुटलेल्या प्रश्नावर उभी होती. १७८६ च्या मे महिन्यात कॅप्टन अब्राहम मुलांना घेऊन शेतात काम करत असताना झाडीतून आलेल्या गोळीने मेला. पंधरा वर्षांचा थोरला मॉर्डेकाय घराकडे बंदूक आणायला धावला, मधला जोसाया जवळच्या गढीकडे मदतीसाठी पळाला आणि आठ वर्षांचा थॉमस बापाच्या प्रेताशेजारी उभा राहिला. त्याला धरायला आलेल्या माणसाला मॉर्डेकायने खोपटातून गोळी घातली. हा प्रसंग लिंकनच्या घरात पुन्हा पुन्हा सांगितला जाई.

मृत्युपत्र नव्हते. आता कायदा पाहू. व्हर्जिनियात तोपर्यंत इंग्लंडचा जुना नियम चालू होता: मृत्युपत्राशिवाय मेलेल्या माणसाची सगळी स्थावर मालमत्ता थोरल्या मुलाला, विधवेला तिच्यातल्या तिसऱ्या हिश्श्याचा हयातीपुरता उपभोग, आणि फक्त जंगम मालमत्तेत सर्वांना वाटा, म्हणजे विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले मुलामुलींना सारखे. मिताक्षरेत, म्हणजे जुन्या हिंदू वारसा-नियमांत, वाढलेल्या मराठी माणसाला हे चमत्कारिक वाटते, कारण आपल्याकडे मुलगे जन्मानेच समान हिस्सेदार. पाटीलकीच्या वतनातसुद्धा उत्पन्नाची वाटणी होई आणि थोरल्याकडे राही तो वडीलकीचा मान. (मुलींचे काय, हे विचारू नये, त्या बाबतीत व्हर्जिनियाचा १७८५ चा कायदा आपल्यापेक्षा पुष्कळच पुढे होता.) तो कायदा टॉमस जेफरसनच्या मसुद्यावरून आला. त्याने ज्येष्ठाधिकार मोडला आणि मुलगे व मुली यांना स्थावरातही सारखा हिस्सा दिला. संमत झाला १७८५ मध्ये, अमलात आला १ जानेवारी १७८७ रोजी.

कॅप्टन अब्राहम मेला १७८६ च्या मे महिन्यात. सात-आठ महिन्यांचे अंतर. मुलगे तीन, मॉर्डेकाय, जोसाया आणि थॉमस, आणि मुली दोन, मेरी आणि नॅन्सी. तो आणखी आठ महिने जगता तर कायद्यानेच पाच सारखे हिस्से झाले असते. चार मुलांचे नशीब त्या आठ महिन्यांवर फिरले, असे म्हणण्याचा मोह होतो आणि बहुतेक चरित्रे तिथेच थांबतात. मॉर्डेकायने काही लाटले नाही, हे मात्र यावरून स्पष्ट व्हावे. पंधराव्या वर्षी बापाचा सूड घेतलेल्या पोराच्या नावावर जमीन आपोआप चढली. ती विकायचा किंवा वाटायचा अधिकार त्याला एकविसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे १७९२ पर्यंत, नव्हताच. त्यानंतर त्याने धाकट्यांना वाटून द्यायला हवी होती, असे कोणी म्हणू शकेल; तो नीतीचा प्रश्न आहे. लिंकनला स्वतःला हा चुलता फार आवडे. घराण्यातली सगळी हुशारी मॉर्डकाका घेऊन पळाला, असे तो थट्टेने म्हणत असे. जमिनीबद्दल त्याने तशी तक्रार केलेली मला कुठे आढळली नाही.

जंगम मालमत्तेची किमतीसह यादी नेल्सन काउंटीच्या न्यायालयात दाखल झाली, तीही मृत्यूला दोन वर्षे उलटून गेल्यावर. माझ्या कामात अशा याद्या रोज येतात आणि मी त्या नेहमी खालून वर वाचतो, कारण घरातल्या माणसांच्या हाताखालच्या वस्तू शेवटी येतात. या यादीत दोन घोडे, वासरांसह तीन गाई, नांगर, तीन खुरपणीच्या कुदळी, सुताचा चरखा, कथील-मिश्रधातूची ताटे डझनभर, गिरमिटे, हातकरवत, तीन बंदुका आणि पिसांच्या गाद्या आहेत. पिसांची चांगली गादी अंथरुणासह जवळजवळ एका घोड्याच्या किमतीची धरली आहे. एकूण सुमारे ६८ पौंड. कर्ज वगैरे काही नव्हते असे क्षणभर मानून वाटणीचा हिशेब केला, तर थॉमसच्या वाट्याला नऊ पौंडांच्या आसपास येतात, म्हणजे यादीतला एक घोडा. कागदावरच्या हजारो एकरांच्या मालकाच्या घरात एवढेच सामान होते. सीमाप्रदेशातली श्रीमंती अशी असे.

आता मृत्युपत्र केले असते तर काय झाले असते? त्या काळच्या सीमाप्रदेशातली मृत्युपत्रे एका साच्याची असतात. ‘माझ्या बायकोला, ती विधवा राहील तोवर, राहते घर आणि शेत’; मग प्रत्येक मुलाला नावानिशी जमिनीचा तुकडा; मुलींना गाय, गादी, चरखा; आणि अज्ञान मुलांसाठी पालक. बायकोला नवऱ्याची ही व्यवस्था कमी वाटली, तर मृत्युपत्र नाकारून ती आपला कायदेशीर तिसरा हिस्सा मागू शके. असे चार ओळींचे कागद लिहिले असते तर थॉमसच्या नावावर काही शे एकर नक्की आले असते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्याच्या शिक्षणाची जबाबदारी कोणावर तरी नेमून दिली गेली असती. लिंकनने वडिलांविषयी लिहिले आहे की तो लहानपणीच मजुरी करत भटकणारा पोर झाला आणि अक्षरशः शिक्षणाविना वाढला. मला यातले नुकसान जमिनीपेक्षा मोठे वाटते. नुकतीच चाळिशी ओलांडलेल्या, धडधाकट, वर्षाकाठी नवी जमीन मोजून घेणाऱ्या माणसाने मृत्युपत्र करायचे टाळावे, यात मात्र मला नवल वाटत नाही. माझ्याकडे येणारे चाळिशीतले पक्षकार आजही पुढच्या वर्षावर ढकलतात, आणि त्यांच्या शेतात कोणी गोळ्या झाडत नाही.

परंतु ते काही शे एकर थॉमसकडे टिकले असते का? माझी शंका इथे आहे, कारण थॉमसने पुढे स्वतःच्या पैशाने घेतलेल्या जमिनींचे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. १८०३ मध्ये मिल क्रीकवरची २३८ एकर घेतली. मोजणीतल्या चुकीमुळे विकताना ती दोनशेच भरली आणि तोटा झाला. १८०८ मध्ये सिंकिंग स्प्रिंगची शेती दोनशे डॉलर रोख देऊन घेतली, तिथेच १८०९ च्या फेब्रुवारीत लिंकन जन्मला. त्या जमिनीवर आधीच्या मालकाचा बोजा निघाला आणि ती गेली. मग नॉब क्रीक. तिथे थॉमस आणि त्याच्या शेजाऱ्यांवर जमीन खाली करून देण्याचा दावा लागला, आणि लावला कोणी, तर फिलाडेल्फियातल्या एका माणसाच्या वारसांनी, दहा हजार एकरांच्या जुन्या हक्काच्या आधारे. दुसऱ्या कोणाचा तरी व्यवस्थित जपलेला वारसा असा याच्या दारात येऊन उभा राहिला. निकाल अखेर थॉमसच्या बाजूने लागला, तेव्हा तो इंडियानात जाऊन दीड वर्ष झाले होते.

केंटकीत हे असे का होई, याचे उत्तर मोजणीच्या पद्धतीत आहे. हद्द ठरे ती ओक वृक्षापासून ओढ्याच्या वळणापर्यंत, तिथून खूण केलेल्या दगडापर्यंत. ओक तोडला जाई, ओढा पात्र बदले, आणि एकाच जागेवर तीन-तीन वॉरंटांच्या मोजण्या कौलांसारख्या एकमेकींवर चढत. ओहायोच्या पलीकडे मात्र १७८५ च्या संघराज्याच्या आदेशानुसार आधी सरकारने चौकोनी गट पाडले आणि मग विकले. १८१६ च्या डिसेंबरात थॉमस नदी ओलांडून इंडियानात गेला तो काही अंशी गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः केंटकीतल्या जमिनीच्या हक्कांच्या भानगडीमुळे, असे लिंकननेच १८६० मध्ये लिहून ठेवले आहे. पुढच्या वर्षी व्हिन्सेन्सच्या जमीन कचेरीत त्याने १६० एकरांची नोंद केली, आणि पुढे त्यातली निम्मी सरकारला परत सोडून उरलेल्या ऐंशीचे पैसे पुरे केले. ऐंशीच एकर, पण त्यांवर दुसऱ्या कोणाचा कागद येणार नव्हता. बापाच्या पाच हजार एकरांपेक्षा ही ऐंशी मोलाची होती, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

तिसऱ्या पिढीकडे येऊ; माझ्या दृष्टीने खरी कारागिरी इथे आहे. लिंकनची आई नॅन्सी १८१८ मध्ये वारली. पुढच्या वर्षी थॉमसने सारा बुश जॉन्स्टन या विधवेशी लग्न केले. तिला पहिल्या लग्नाची तीन मुले होती, त्यांतला जॉन. १८३० मध्ये सगळे इलिनॉयला आले आणि शेवटी कोल्स काउंटीत स्थिरावले. तिथे थॉमसकडे चाळीस-चाळीस एकरांचे तीन तुकडे होते, पैशाची चणचण होती, आणि सावत्र मुलगा जॉन याचा कामापेक्षा बेतांकडे ओढा होता.

२५ ऑक्टोबर १८४१ रोजी लिंकनने यातला पूर्वेचा तुकडा वडिलांकडून दोनशे डॉलरना विकत घेतला. खरेदीखतात अट अशी की थॉमस आणि सारा यांच्यापैकी एक जरी जिवंत असेल तोवर जमीन त्यांच्याच उपभोगात राहील. त्याच दिवशी त्याने जॉनला करारपत्र लिहून दिले: आईवडिलांच्या पश्चात एका वर्षात जॉनने दोनशे डॉलर दिले, तर जमीन त्याच्या नावे करून देईन. हे कागद मी शिकाऊ वकिलांना वाचायला देतो. म्हाताऱ्याला रोख रक्कम मिळाली, जमीन त्याच्या पायाखालीच राहिली, आणि तरी ती त्याच्या सावकारांच्या किंवा सावत्र मुलाच्या आग्रहाच्या आवाक्याबाहेर गेली. मृत्युपत्र बदलता येते, रागाच्या भरात फाडता येते. नोंदवलेले खत तसे जात नाही. शिवाय, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, साराचा हक्क कायद्याने देऊ केलेल्या तिसऱ्या हिश्श्यापुरता न राहता पूर्ण चाळीस एकरांवर आला. आपल्याकडे आई-वडील मुलाला बक्षीसपत्र करून देताना स्वतःचा हयातभर राहण्याचा हक्क राखून ठेवतात, तीच ही कल्पना; फक्त ती राखून ठेवायची आठवण बहुतेकांना सही झाल्यावर होते.

थॉमस १७ जानेवारी १८५१ रोजी वारला, मृत्युपत्र न करता. लिंकनची सख्खी बहीण आधीच वारली होती, म्हणून इलिनॉयच्या कायद्याने उरलेल्या ऐंशी एकरांचा तो एकटाच वारस ठरला. जॉनने त्या घरात आयुष्य काढले होते, पण सावत्र मुलाला वारसा नाही. ऑगस्टमध्ये लिंकनने ते ऐंशी एकर एका डॉलरच्या मोबदल्यात जॉनच्या नावे करून दिले, साराचा विधवा-हक्क राखून. आणि नोव्हेंबरात जॉनने उरलेले पूर्वेचे चाळीसही विकून मिसुरीला जायचा घाट घातला.

त्यावर लिंकनने जॉनला लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. पूर्वेची चाळीस मी आई आहे तोवर तिच्यासाठी ठेवणार. तू कसणार नसलास तर खंडाने देता येईल, असे पहिल्या पत्रात आहे. काही आठवड्यांनंतरच्या पत्रात तो हिशेबाला बसतो. बाकीच्या ऐंशीत आईचा विधवा-हक्क होता, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याचा हयातभर उपभोग. तो तर तू आधीच गिळून टाकलेला दिसतोस. आता पूर्वेची चाळीस तीनशेला विकून शंभर स्वतः घेणार आणि दोनशे आठ टक्क्यांनी तिच्यासाठी ठेवणार, म्हणजे तिला वर्षाला सोळा डॉलर, केवढी ही प्रचंड रक्कम! मधल्या एका पत्रात त्याने आधीच बजावले होते: जमीन विकायचीच असेल, तर पुरे तीनशे तिच्या नावे व्याजाला लागले पाहिजेत, दहा टक्क्यांनी, आणि रक्कम हातात आल्याशिवाय किंवा पक्की सुरक्षित झाल्याशिवाय मी खतावर सही करणार नाही.

सोळा आणि तीस. या दोन आकड्यांत त्याने सगळा वाद आणून ठेवला. ‘जमीन कोणाची’ यावर तो भांडतच नाही. माझ्यापुरता तुझा हा प्रस्ताव पुरेसा आहे, पण आईच्या दृष्टीने मला तो पटत नाही, असे तो स्पष्ट लिहितो. जमीन विकली तरी तिच्या जागी आलेल्या पैशावर हयातीचा हक्क तसाच चालू राहतो, मुद्दल हलत नाही आणि व्याज पूर्णपणे विधवेचे, हे तत्त्व त्याने सावत्र भावाला चार वाक्यांत समजावले. मला हे समजावायला पक्षकारापुढे अर्धा तास लागतो.

हाच माणूस १५ एप्रिल १८६५ रोजी स्वतः मृत्युपत्र न करता मेला. न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस यांनी मालमत्तेचा कारभार पाहून सुमारे १,१०,००० डॉलर त्याची बायको मेरी आणि दोन हयात मुलगे यांना तीन सारख्या भागांत वाटून दिले. यावेळी मात्र मृत्युपत्र नसल्याने कोणाचे नशीब फिरले नाही. कायदा बदललेला होता, मुद्दल रोख्यांत होते, आणि मोजायला ओक वृक्ष नव्हते. पूर्वेच्या चाळीस एकरांवरचा साराचा हक्कही त्याच्या मृत्यूने हलला नाही, कारण तो त्याच्या मर्जीवर नव्हता, खतात लिहिलेला होता. सारा त्यानंतर चार वर्षे जगली.